पायाळू आईचा पाय

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, म्हणून पाठीत उसण भरली की मखमलाबादची निम्मी आळी माझा पाय लावून घ्यायला दारात येते. आणि माझ्याच मुलीच्या कण्याचा बाक कमरेत नको तेवढा आत गेलाय. डॉक्टर म्हणाले, “व्यायाम करून घ्या. ती उताणी झोपली की कमरेखाली जी पोकळी राहते, ती कमी होते का हात घालून बघत जा. ऑपरेशन सध्या नको.” ते ‘सध्या’ माझा जीव खातंय.

आज व्यायाम झाल्यावर ती सतरंजीवर उताणी पडून म्हणाली, “आई, सगळ्यांना लावतेस. मी पालथी होते, मला लाव ना पाय.”

“गप पड,” मी खेकसले आणि तिच्या कमरेखाली हात सरकवला. तो कुठेही न अडता पलीकडे निघाला.