कडी न लावणारे मामा

दार ही वस्तू कशी वापरायची हे साठी ओलांडली तरी ज्याला कळलं नाही असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो म्हणजे माझे धाकटे मामा. यात त्यांचा तरी काय दोष? ते शिंगणापूरचे. तिथे राखण देवाची, म्हणून घरांना चौकट असते, दार नसतं. फार तर रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी टेकवून ठेवायची, झालं. कडी, कोयंडा, कुलूप हे सगळं मामांनी लोकांच्या गावात पाहिलेलं. हात लावायची वेळ कधी आली नव्हती. त्यामुळे नगरला सावेडीत आमच्याकडे आले की घरात नुसता गोंधळ. बेल म्हणून वाजवायचे नाहीत. दारासमोर उभं राहून एकदा खाकरायचे, मग "हाय का कोनी घरात?" असं आतल्या बायकांना सावरायला वेळ मिळेल इतक्या सावकाश विचारायचे, आणि उत्तर आलं नाही तर पायरीवर बसून राहायचे. एकदा मी आत पंखा लावून झोपले होते, तर मामा दुपारभर उन्हात बाहेर. मांडीवर वांग्यांची पिशवी. मी चिडून म्हटलं, "मामा, बेल कशाला लावलीय मग आम्ही?" तर म्हणाले, "हाळी दिली की ताई. झोपलेल्या मानसाच्या कानात घंटा कोन वाजवतं व्हय?"

न्हाणीघराचं दार तर त्यांनी कधी लावलंच नाही. ते नुसतं लोटायचे आणि आत आहोत हे जगाला कळावं म्हणून अंघोळ संपेपर्यंत खोकत राहायचे. आमचे हे म्हणायचे, मामांना दमा नाही, अंघोळ आहे. बाहेर पडताना पुढचं दार सताड उघडं. शेजारच्या मांजरीने आमच्या घरचं दूध किती प्यायलं असेल त्याला गणती नाही. आमच्या ओळीतली घरं सारखी दिसणारी. एकदा मामा चुकून शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी प्यायले, पेला विसळून पालथा घातला आणि परत आले. शेजारीण बघतच बसली होती की हे गृहस्थ आता काय करतात. मी माफी मागायला गेले तर मामांना त्यात माफीचं काय ते शेवटपर्यंत उमजलं नाही.

ही सगळी गंमत ते पाहुणे म्हणून यायचे तोवरची. पुढे ते राहायलाच आले, आणि त्याचं कारण मामी. मामींच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली होती. आधी माणसांची नावं गेली, मग भाजीतलं मीठ, मग दिवस-रात्र. शेवटी उरलं ते एवढंच, की आपल्याला घरी जायचं आहे. घरात बसलेली बाई उठायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि "घरी जाते" म्हणून चालायला लागायची. बिनदाराच्या घरात तिला अडवणार कोण? एकदा मामांचा दुपारी डोळा लागला आणि मामी गेल्या. गाव सगळं शोधत होतं. संध्याकाळी घोडेगावच्या वाटेवर उसाच्या कडेला बसलेल्या सापडल्या, जवळच उघडी विहीर. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांचं दुखणं आता मागे फिरायचं नाही. जीव वाचवायचा तर यांना कडी लावलेल्या घरात ठेवा. म्हणून मामा त्यांना आमच्याकडे घेऊन आले. कडी आमच्या घरी होती ना. मामा स्वतः ती कधी लावायचे नाहीत. मी लावायची, आणि मी लावत असले की मामा दुसरीकडे बघायचे.

माझं तेव्हा लग्नपत्रिकांचं काम चाललेलं असायचं. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर. त्यावर मी गणपती, मंगलकलश आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' जुळवत बसायची. एका रविवारी ह्यांनी पुण्याच्या मित्राकडून एक गेमची सीडी आणली. भुताचा गेम. त्यात खेळणारा माणूस आपल्याला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांनी आपण बघायचं. एका जुन्या परदेशी बंगल्यात तो जागा होतो, आपण कोण हे त्याला आठवत नाही, आणि घरातल्या एकूण एक दाराला कुलूप. घड्याळाचे काटे जुळवा, भिंतीवरच्या तसबिरी नीट ओळीने लावा, असली कोडी सोडवली की किल्ली मिळते आणि पुढची खोली उघडते. मागून मात्र काहीतरी पाय घासत येत असतं. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत एक बाई रडत असते आणि आतून दार ठोठावत असते. त्या खोलीपर्यंत पोचायचं, एवढाच गेम. मी थोडा वेळ बघितला आणि भर दुपारी जाऊन देवाजवळ दिवा लावला.

मामी तेव्हा पुढच्या दाराशी उभ्या होत्या, नेहमीसारख्या पदर घेऊन. त्या ह्यांच्या खुर्चीमागे येऊन थांबल्या. पडद्यावर लांबलचक बोळ पुढे पुढे सरकत होता. मामी खाली बसल्या, भिंतीला टेकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "कुठवर आलो?" महिनाभरात त्यांना इतकं निवांत बसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. मामांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी हे कंपनीत गेल्यावर मामा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, त्ये चालायचं यंत्र लाव की जरा."

तेव्हापासून रोज दुपारी धोतर सावरून मामा कॉम्प्युटरपुढे आणि मामी खाली भिंतीशी. दोघं घरी चालले होते. "कुठवर आलो?" "आलंच. एवढं दार गेलं की आलंच." ज्या बंगल्यात आमचे हे खुर्चीवरून उडायचे, तिथे मामा शेताच्या बांधावरून चालल्यासारखे चालायचे. भिंतीतून रक्त ओघळलं तर मामा म्हणायचे, "गळकं हाय घर." मामींची वेगळीच तक्रार. कोळिष्टकं बघून त्या म्हणायच्या, "कोनी आवरीत न्हाई वाटतं. एवढी मोठी मानसं, आन् केरसुनी न्हाई घरात."

खेळात मात्र मामांनी असा घोळ घातला, की तो त्यांच्या गावच्या माणसालाच सुचावा. प्रत्येक दारापुढे ते आधी खाकरायचे. दार उघडून आत गेले की मागे उघडंच टाकायचे. साहजिकच मागचं ते पाय घासत थेट यायचं, पडदा काळा व्हायचा आणि गेम पहिल्यापासून. ह्यांनी शंभरदा समजावलं, "मामा, दार लावून घ्या, म्हणजे त्याला येता येत नाही." मामा म्हणाले, "जावईबापू, त्याला बी कुठंतरी जायचंच आसंल की. लोकाच्या तोंडावर दार लावायचं म्हंजे काय?" आणि किल्ल्यांचं तर विचारूच नका. हातातली वस्तू परत ठेवायची सोय त्या गेममध्ये होती. ती वापरणारा माणूस आमच्या मामांखेरीज दुसरा जन्मला नसेल. दार उघडलं की ते माघारी जाऊन किल्ली होती त्या खिळ्याला अडकवून यायचे, कारण वस्तू दुसऱ्याची. ती किल्ली पुढे पुन्हा लागायची आणि मग सगळा बंगला उलटा तुडवत मामा खिळ्यापाशी. त्यात दुपारी लाईट जायची. लाईट आली की पुन्हा बंगल्याच्या फाटकापासून सुरुवात. मला वाटायचं, हे दोघं या जन्मात वर पोचत नाहीत. मामांची काही हरकत दिसत नव्हती. जेवढी वाट लांब, तेवढी मामींची दुपार शांत जायची.

एक गोष्ट मात्र मामींना सहन व्हायची नाही. वरच्या खोलीतली ती बाई रडायला लागली की त्या अस्वस्थ व्हायच्या. "कोंडलीया तिला. काढा की वो." मामा म्हणायचे, "काढतो. तिकडंच चाललोय न्हवं का?" एकदा मी ऐकलं, त्या विचारत होत्या, "कोनी कोंडलं?" मामांनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "ते काय कळंना."

मग ती दुपार आली. मी मागच्या ओट्यावर पापड वाळत घालत होते. मामी आत झोपल्या होत्या म्हणून मी ओट्याच्या दाराला बाहेरून कडी घातली होती. मामा पुढे एकटेच खेळत होते, मामी उठायच्या आत वाट काढून ठेवायला. थाप थाप असा आवाज आला. मला मामांचा आवाज ऐकू आला, "आलो गं, आलो." थापा चालूच. मामा पडद्यावरचा जिना चढत असावेत, कारण पुन्हा म्हणाले, "ह्ये काय आलो, दम धर." मी कडी काढली. आत मामी होत्या. दोन्ही तळहातांनी दार बडवत होत्या, तळवे लाल झाले होते. मला म्हणाल्या, "बाई, मला सोड गं. गाय पान्हावली आसंल." त्यांना मी कोण ते कळत नव्हतं, कुणीतरी कोंडून ठेवणारी बाई, एवढंच. मला रडू आलं. मामा दारात येऊन उभे राहिले होते. पुढच्या खोलीत गेममधली ती बाई एव्हाना गप्प झाली होती. मामांनी मामींचे दोन्ही हात घेतले आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले, जणू तळव्यांना काही माखलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी ह्यांच्या मदतीने मामा वरच्या खोलीपर्यंत पोचले. ह्यांनी दारं लावून घ्यायला लावली, किल्ल्या हातात ठेवायला लावल्या. मामांनी मुकाट्याने सगळं केलं. मामी मागे बसल्या होत्या. शेवटचं दार उघडण्याआधी मामा खाकरले. दार उघडलं, तर आत कुणी नव्हतं. एक पलंग, खिळे मारलेली खिडकी, आणि दाराला आतून नखांचे ओरखडे. समोर एक आरसा होता. सबंध गेममध्ये न दिसलेला तो माणूस आरशात दिसला. म्हातारा, साधा चेहरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "अच्छा, म्हणजे यानेच कोंडलं होतं तिला. बायको असणार याची. निघून जाईल म्हणून कोंडली, आणि विसरला." मग ह्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते पाणी प्यायच्या निमित्ताने उठले.

मामा त्या आरशाकडे बघत राहिले. मामी म्हणाल्या, "गेली वाटतं ती. उशीर केला तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मामींची साडी पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "ताई, हिला घरी नेतो." मी काही कमी तोंडाची नाही. डॉक्टर काय म्हणाले, विहीर, ऊस, रस्ता, सगळं ऐकवलं. शेवटी म्हटलं, "मग निदान तिथे एक दार तरी करून घ्या. आजारी माणसासाठी केलं तर देवही समजून घेईल." मामा म्हणाले, "देवाचं न्हाई गं. दार लावलं तर तिला वाटंल, पुन्यांदा लोकाच्या घरी आनलं." मी विचारलं, मग तिकडे नेऊन ती घरी जायचं म्हणायची थांबणार आहे का? "न्हाई थांबायची," मामा म्हणाले. "ठावं हाय मला. घरात बसून बी घरीच जाते म्हनंल. पन तिथं मी हाय की."

मी हाय की, म्हणजे काय, ते मला पुढे शिंगणापूरला गेले तेव्हा दिसलं. मामांनी आपली बाज चौकटीत आडवी टाकली होती, उंबऱ्याला लागून. उन्हाळा-पावसाळा तिथेच. मामींना बाहेर पडायचं तर मामांना ओलांडावं लागायचं, आणि नवऱ्याला ओलांडायचं नसतं हे सगळं विसरूनही मामींच्या पायांना आठवत होतं. त्या बाजेपाशी येऊन थांबायच्या आणि म्हणायच्या, "अवो, उठा, मला घरी जायचंय." मामा उठायचे, पायात वहाणा घालायचे आणि त्यांच्याबरोबर चालायला लागायचे. आडवळणाने, शेतावरून, देवळामागून. "कुठवर आलो?" "आलंच." मामी दमल्या की मामा त्यांना वळवून आपल्याच चौकटीपुढे आणायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "हं, आलं घर." काही वेळा मामींना ते पटायचं आणि त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याने बघत राहावं. नाही पटलं तर पुन्हा पहिल्यापासून. मामांनी तेही कधी मोजलं नाही.

असं मामांनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. मामी घरातच गेल्या, दुपारच्या झोपेत. दहाव्याला मी गेले होते. बायका म्हणत होत्या, सुटली बिचारी.

वर्षश्राद्धाला पुन्हा गेले, तर चौकटीतली बाज नव्हती. ती आत भिंतीकडेला सरकवलेली. कुत्र्यासाठी टेकवायची ती फळीही दिसेना. मला वाटलं, चला, आता तरी मामा घराच्या आत झोपायला लागले. मी म्हटलं, "बरं केलंत मामा. दारातल्या वाऱ्याने पाठ धरली असती." मामांनी मला पाणी दिलं, माझ्या शेजारी बसले आणि मोकळ्या चौकटीकडे बघून म्हणाले, "वाऱ्याचं काय न्हाई गं. तवा ती जाऊ नये म्हनून आडवा पडायचो. आता घरी यायची झाली, तर वाट नको का मोकळी?"

मग उठले आणि माझ्यासाठी चहा ठेवायला चुलीकडे गेले. मी उंबऱ्यापाशीच टेकले होते. उठून जरा बाजूला सरकून बसले.