जोकीम, जरा मागे

मोबाइलवर जोकीमचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी विपरीत घडल्याचं कळलं. पास्कलच्या या थोरल्या भावाने मला जन्मात कधी फोन केला नव्हता. “दत्ता, पास्कल गेला रे...” एवढंच म्हणाला. भुईगावात आमची घरं एकाच गल्लीत. पास्कल आणि मी पहिलीपासून एका बाकावर. त्याच्याविना हा महिना कसा काढला, माझं मला ठाऊक.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पास्कलला वेगळंच वेड लागलं. पुठ्ठा, पत्रा कापून हातभर लांबीच्या गाड्या बनवायच्या आणि फोटोत त्या खऱ्याएवढ्या दाखवायच्या. ओट्यावर स्टूल, त्यावर फळी, फळीवर वाडीतली माती पसरून गाडी ठेवायची. मोबाइल उलटा धरून भिंग मातीच्या जेमतेम वर आणायचं. आणि पार लांब, केळींपाशी, एक माणूस उभा करायचा. तो नेमक्या जागी उभा राहिला, की फोटोत गाडीला खेटून उभा दिसे. तो माणूस म्हणजे अर्थातच मी! भर उन्हात उभं करून वर ऐकवायचा, “दत्त्या, पोट आत घे, दारात मावत नाहीस.”

मग त्याने वडिलांची बस करायला घेतली. वडील एसटीचे ड्रायव्हर. ते गेल्यावर वाडीच्या वाटणीवरून भावाभावांचं बिनसलं, ओट्याच्या पुढ्यातच तारेचं कुंपण आलं, बोलणं बंद. मिस्सा संपली की दोघं चर्चच्या दोन दारांनी बाहेर पडत. किती डोकं फोडलं मी त्यांच्यापुढे! दोघेही एकापेक्षा एक हट्टी.

एका रविवारी लाल बस फळीवर चढली. मी केळींकडे निघालो तर पास्कल म्हणाला, “थांब. तू नको. बाबांसारखा कुणी हवा.” तशी उंची, तसे किंचित वाकलेले खांदे एकट्या जोकीमचे. पण बोलवायचं कुणी? तेवढ्यात कुंपणाशी आवाज आला, “बाबांच्या बसला पोचा उजव्या कोपऱ्याला होता. डावीकडे नाही.” जोकीम केव्हापासून बघत होता, देव जाणे.

पास्कलने मान वर केली नाही. “केळींपाशी जा,” म्हणाला. “जोकीम, जरा मागे... आणखी मागे... हां.”

फोटोत बसच्या दाराशी त्यांचे वडील उभे होते. जोकीमने येऊन मोबाइल हातात घेतला. “कुंपण कुठे गेलं?”

“फळीआड,” पास्कल म्हणाला.

पुढे दर रविवारी जोकीम येऊन उभा राहू लागला. पण बोलणं तेवढंच. मागे, डावीकडे, हलू नको. “अरे, चहा तरी प्या एकत्र,” मी चिडायचो. “पिऊ रे, घाई काय आहे,” पास्कल म्हणायचा. मला वाटायचं, होईल हळूहळू.

परवा पास्कलच्या महिन्याची मिस्सा झाली. त्याच्या बायकोने, रिटावहिनींनी, फळी अजून हलवू दिलेली नाही, बसवरची धूळ तेवढी रोज पुसतात. जोकीम ओट्यावर आला, बसकडे बघून म्हणाला, “एक काढशील?” आणि उत्तराची वाट न बघता कुंपणाला वळसा घालून केळींपाशी जाऊन उभा राहिला. मी मोबाइल उलटा धरला. तो अगदी बरोबर जागी होता, दाराला खेटून. तरी हाक यायची वाट बघत, मान वर करून उभाच.

“जोकीम,” मी कसाबसा ओरडलो, “जरा मागे... आणखी मागे.”

तो डोळे पुसत मागे सरकला.