मधला रकाना

“इचारलं का त्याईले?”

चर्चासत्रात पहिल्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर, मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेला एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या कॉलेजात ‘राष्ट्रीय’ चर्चासत्राला कधी गेला असाल, तर नक्कीच. पेपर वाचून संपला, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि बाहेरून पुऱ्या तळल्याचा वास यायला लागला, की हा माणूस हात वर करायचा. माइक मागायचा नाही. उठायचा, हेल्मेट खुर्चीवर ठेवायचा, एवढाच प्रश्न विचारायचा आणि हेल्मेट उचलून पुन्हा बसायचा.

अकोल्याला एका बाईंनी महिला बचत गटांमधल्या नेतृत्वगुणांवर पेपर वाचला. पडद्यावर रंगीत आलेख होते. त्यात गुलाबी खांब सगळ्यात उंच, म्हणजे बायकांचा आत्मविश्वास वाढलेला. आमच्या हेल्मेटवाल्या सरांनी हात वर केला.

“मॅडम, पेपर चांगला आहे. पन बायाईले इचारलं का?”

“सर, ही दुय्यम माहिती आहे. अहवालांमधून घेतलेली.”

“थे समजलं मले. पन इचारलं का?”

अध्यक्ष म्हणाले, वेळ संपलेली आहे, उरलेली चर्चा जेवताना करू. जेवताना कोणी चर्चा करत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. प्रमाणपत्रं कोणत्या टेबलावर मिळतात, एवढंच विचारतात लोक. सर मात्र ताट घेऊन त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांना म्हणाले, “आमच्या भातकुलीले या एकदा. आमच्या घरची बाई आहे गटात. थे सांगन तुमाले सगळं.” बाईंनी वांग्याची भाजी अर्धी टाकून ताट ठेवून दिलं.

मला तेव्हा या माणसाचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. भुकेनं पोटात कावळे ओरडत असायचे आणि याचं आपलं इचारलं का, इचारलं का.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो. ते व्यवस्थापन शिकवायचे, मी समाजशास्त्र. दोघंही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचाच मोबदला, उन्हाळ्यात काही नाही, आणि जूनमध्ये कॉलेजचा फोन आला तर पुढचं वर्ष आपलं. बाहेरच्यांना आम्ही प्राध्यापकच. लग्नपत्रिकेवरही ‘प्रा.’ लागायचं.

त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता ‘तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे कार्यसमाधान’. स्टाफरूममध्ये ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी चहा नाकातून आला लोकांच्या.

“अहो सर, उपाशी माणसानं जेवणावर पीएच.डी. करावी तसं झालं हे,” मी म्हटलं.

“मंग त्यालेच तर माईत असते न मॅडम, जेवन काय चीज आहे थे,” ते म्हणाले आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसले.

आता आपल्याआपल्यात बोलू. आपल्याकडे प्रश्नावल्या कशा भरल्या जातात, हे मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको. गठ्ठा शिपायाजवळ ठेवायचा आणि आठवड्यानं घेऊन जायचा, हा झाला प्रामाणिक प्रकार. माझ्या एका मैत्रिणीनं तर सगळ्या प्रश्नावल्या घरीच भरल्या. जाऊबाईला निळा पेन, भाच्याला काळा, सासऱ्यांना हिरवा. सासऱ्यांनी सगळीकडे ‘पूर्ण असहमत’वर खुणा केल्या, त्यांचा स्वभावच तसा. तिला पदवी मिळाली. पेढेही चांगले होते.

सरांना हे जमायचं नाही. ते काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन दर्यापूरला जायचे, रेल्वेनं अकोल्याला जायचे, जवळपास असेल तर मोटारसायकल. माणूस गाठायचा, त्याच्या समोर बसायचं, एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं खूण करेपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचं. माझी प्रश्नावली त्यांनी अशीच भरून घेतली. त्यांचं वाचणं चालू असताना मी मराठीच्या मॅडमशी गप्पा मारत मारत खुणा केल्या आणि कागद देऊन टाकला.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या नोंदणीची मुदत संपणार होती. आणि त्याच वेळी, इतक्या वर्षांनी, आमच्या कॉलेजात व्यवस्थापनाची कायम जागा निघणार होती. पीएच.डी. झालेली असेल तरच मुलाखत. जागा सरांचीच, असं सगळे धरून चालले होते. त्यांच्या बायकोनं नवसही बोलून ठेवला होता. प्रबंध वेळेवर गेला की झालं, एवढंच उरलं होतं.

अशात एक दिवस ते स्टाफरूममध्ये आले, ते पार उतरलेल्या चेहऱ्यानं. मला वाटलं घरी कोणाचं काही बरंवाईट झालं.

“मॅडम, निरे सगळे मधातच जाऊन बसले हो.”

प्रत्येक वाक्यापुढे पाच रकाने होते. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. मी माझ्या कामाबाबत समाधानी आहे. मला माझ्या भविष्याची काळजी वाटते. मला संस्थेत मान मिळतो. काहीही विचारा, जवळपास सगळ्यांच्या खुणा मधल्या रकान्यात. काळजी वाटते का, तर सांगता येत नाही. मान मिळतो का, तर सांगता येत नाही.

त्यांचे मार्गदर्शक आमच्याच कॉलेजातले. वाईट माणूस नव्हते. मुलासारखं जपायचे ते सरांना. त्यांनी सरळ उपाय सांगितला. “अरे राजा, वाटून दे न थोडे इकडे, थोडे तिकडे. नाहीतर मधले काढूनच टाक. तक्ता सुंदर दिसला पाहिजे. परीक्षकाले काय समजते?”

आपल्यापैकी कोणीही तेच केलं असतं. या माणसानं काय करावं? तो पुन्हा सगळ्यांकडे गेला. तोच गठ्ठा पिशवीत घालून, पुन्हा दर्यापूर, पुन्हा अकोला, प्रत्येकाला एकच कारण विचारायला, “मधलंच कावून?” एका मास्तरनं तर शिकवणं सोडून नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात नोकरी धरली होती. सर त्याची पाळी सुटेपर्यंत फाटकाशी उभे राहिले.

माझ्याकडे आले तेव्हा दुपार होती. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं.

“मॅडम, मधलंच कावून?”

“हात तिथेच गेला. त्यात काय एवढं?”

“म्हंजे वाईट नाई वाटत?”

“नाही.”

“मंग बरं वाटते?”

“नाही.”

“मंग काय वाटते?”

मायबाई, काय माणूस! मी पर्स उचलून निघणार होते. पण ते वाट पाहत बसले होते. घाई नव्हती त्यांना. हेल्मेट मांडीवर, आणि नजर माझ्याकडे. मग मी बोलून गेले. म्हटलं, पूर्वी जूनमध्ये फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. कॉलेजचा असेल का, नसेल का. फोन आला की रडू यायचं आणि नाही आला तरी रडू यायचं. आता होत नाही तसं. फोन वाजतो, मी उचलते, हो म्हणते, आणि भाकरी टाकायला लागते. मागच्या वर्षी तर फोन आल्याचं घरच्यांना सांगायचंही विसरले.

त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही.

“माह्यंही तसंच आहे,” ते म्हणाले. “मले वाटलं, माह्यंच.”

मग म्हणाले, “चला, चहा घेऊ.” बाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. पीएच.डी.चं अक्षरही काढलं नाही. त्या संध्याकाळी मी घरी वरणाला दोनदा फोडणी दिली आणि नवऱ्यानं विचारलं, आज काय झालंय तुला. काही झालं नव्हतं. कोणीतरी विचारलं होतं आणि उत्तर ऐकायला थांबलं होतं, एवढंच. मला बरं वाटलं होतं.

लोकांनी त्यांना जे जे सांगितलं, त्याचं एक वेगळं प्रकरण त्यांनी प्रबंधात लिहिलं. मार्गदर्शकांनी ते वाचलं. मी तिथेच होते, हजेरीपटावर सह्या करत.

“सुंदर आहे रे. पण तक्ता कुठे? आकडे कुठे? हे संशोधन नाही, ह्या गोष्टी आहेत. काढ हे प्रकरण, उद्या सही घेऊन जा.”

“सर, त्याईनं मले सांगतलं न. मी इचारलं म्हनून सांगतलं. आता काढू कसं?”

“मुदत संपून राहिली बाबू. जागा हातची जाईन. पदवी मिळाल्यावर लिही न काय लिहाचं थे!”

सर उठले. हेल्मेट उचललं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले नाहीत. मार्गदर्शक पेन खिशात घालून रोज त्यांची वाट पाहायचे, मी पाहिलंय. मी सरांना फोन केला. “सर, काढून टाका हो. आम्हाला कोणाला काही वाटणार नाही.”

“थेच तर लिवलं आहे मॅडम त्या परकरनात,” ते म्हणाले. “का तुमाले काई वाटत नाई म्हनून.”

मुदत गेली आणि नोंदणी रद्द झाली. कायम जागेवर बाहेरगावचा एक मुलगा आला. चांगला आहे तो, हुशार आहे. पण कायम माणूस आल्यावर तासिकांची गरज उरत नाही. त्या जूनमध्ये सरांना कॉलेजचा फोन गेला नाही. निरोपसमारंभही झाला नाही. तासिकेवरच्या माणसाला निरोप देत नसतात, फक्त बोलावत नाहीत.

मधे कोणीतरी सांगितलं, अकोल्याला मोटारसायकलच्या शोरूममध्ये लागले होते. सर्व्हिसिंग करून गेलेल्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारायचं, आपण समाधानी आहात का. सांगणारा हसत होता. एकेका गिऱ्हाइकाशी फार वेळ बोलतो म्हणून मालकानं काढलं म्हणे. त्यापुढचं कोणाला माहीत नाही. त्यांचा नंबर लावला तर एका पोरीनं उचलला, म्हणाली हा नंबर आता आमचा आहे.

मी कायम झाले आता. यथावकाश पदवी झाली, जागा निघाली, नशीब. जूनमध्ये फोनची वाट पाहावी लागत नाही. चर्चासत्रं अजून होतात. पेपर संपला की अध्यक्ष विचारतात, कोणाला काही प्रश्न? आणि सगळे पुऱ्यांच्या दिशेनं उठतात. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची दिसते मला. बहुतेक वेळा तिच्यावर कोणाची तरी पर्स असते.

परवा मोबाइलवर एक प्रश्नावली आली. कुठल्याशा विद्यापीठातली मुलगी, प्राध्यापकांच्या कार्यसमाधानावर संशोधन करते आहे. मी स्टाफरूममध्ये होते, मधली सुट्टी होती. मी माझ्या कामाबाबत समाधानी आहे. मला माझ्या भविष्याची काळजी वाटते. मला संस्थेत मान मिळतो. बोटानं टिचक्या मारत गेले आणि पाठवून दिलं. पडद्यावर आलं, आपला प्रतिसाद नोंदवण्यात आला आहे, धन्यवाद.

पाहिलं तर सगळे ठिपके मधल्या रकान्यात.

मी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला आणि दाराकडे पाहिलं. घंटा होईपर्यंत पाहत होते. कोणी विचारायला आलं नाही.