तिसरी खूण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असा तिचा समज आहे. तुम्हाला का सांगतोय? खरं तर ज्यांना सांगायचं होतं, त्या आता नाहीत.

मी पोलीस खात्यात होतो, गुप्त माहिती जमवणाऱ्या शाखेत. दिनूही तिथेच. कसब्यात आम्ही समोरासमोर राहायचो, भरतीही एकदमच झालो. दिनू विसराळू. भाजीला गेला की पिशवी विसरायचा, पिशवी आठवली की भाजी. वहिनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बोलायच्या आणि तो हसायचा. हा विसराळूपणा लक्षात ठेवा. पुढे मी तो वापरला.

तेव्हा खराडी-वाघोलीकडे संगणक कंपन्यांसाठी जमिनी जायला लागल्या होत्या. पलीकडच्या एका गावात जमिनीवरून दोन भावक्या एकमेकींवर उठल्या. दंगल होणार का, कधी होणार, हे आधी ओळखायचं काम आमच्याकडे आलं. आमची एक रीत होती. धोक्याच्या खुणा आधीच ठरवायच्या, डोकं थंड असताना. कारण वेळ आली की माणूस स्वतःची समजूत घालतो — याला काही अर्थ नाही, त्याचं कारण वेगळं. म्हणून नियम असा, की एकदा ठरवलेल्या खुणेचा अर्थ नंतर बदलायचा नाही.

दिनूने आणि मी मिळून तीन खुणा ठरवल्या. सणवार नसताना बायकामुलं माहेरी जाऊ लागली, ही पहिली. दोन्हीकडचे पुरुष एका टपरीवर चहाला बसेनासे झाले, ही दुसरी. आणि दिवसाउजेडी दुकानं बंद झाली, ही तिसरी. तिन्ही दिसल्या की विचार करत बसायचं नाही, बंदोबस्त पाठवायचा. दिनू गावात राहणार, मी कचेरीत फोनपाशी.

आता मधलं एक सांगायला हवं. सबब म्हणून नाही — पण तेच तर कारण होतं. त्याआधी दुसऱ्या एका गावाबद्दल मी इशारा दिला होता आणि तो फुकट गेला. गाडीभर पोलीस गेले, गावकऱ्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून मी कचेरीत शिरलो की कुणीतरी म्हणायचं, "या, हवामान खातं आलं. आज छत्री घ्यायची का?" साहेबही हसायचे. एवढंच. माणसाला एवढंही सोसत नाही?

पहिल्या दोन खुणा दिनूने कळवल्या, मी वर कळवल्या. मग एका दुपारी नगर रस्त्यावरच्या फोनच्या बूथवरून त्याचा फोन आला.

"दुकानं बंद झाली रे. तिन्ही झाल्या. पाठव गाडी."

मी म्हणालो, "आज बाजाराचा दिवस असेल. दुकानदार गेले असतील बाजाराला."

तो म्हणाला, "अर्थ बदलायचा नाही, हे तूच लिहिलंस ना?"

"उद्या सकाळी बघू. तू थांब तिथे, नजर ठेव."

"थांबतो. पण टपरीसुद्धा बंद आहे, तेव्हा चहाचं पाप तुझ्या डोक्यावर."

हे त्याचे शेवटचे शब्द. मी हसलो होतो — हसलो होतो मी. बाजार कोणत्या वारी भरतो, ते मला माहीत नव्हतं. कुणाला विचारलंही नाही.

संध्याकाळी दगडफेक झाली. मध्ये सापडलेल्या एका म्हाताऱ्याला ओढून काढताना दिनूच्या डोक्यात दगड बसला. गाडी पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही. चौकशीत मला विचारलं, तिसरी खूण कळवली होती का? आणि मी म्हणालो — नाही. फोन आला नाही. विसरला असेल, स्वभावच तसा होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याला ओळखणाऱ्या प्रत्येकाला ते पटलं.

वहिनींना तर फारच पटलं. मी भेटायला गेलो तर मलाच म्हणाल्या, "भावोजी, यांच्यापायी तुम्हालाही उत्तरं द्यावी लागली. माफ करा हो." मी काय केलं? त्यांनी पुढे केलेली शिऱ्याची बशी घेतली आणि संपवली.

पुढे कितीतरी वर्षं त्यांना फोटोशी भांडताना मी ऐकलं. "जन्मभर भाजी विसरलात, चाललं. तेवढा एक फोन आठवायला काय झालं होतं?" रडणं मागे पडलं, राग राहिला. नवऱ्यासाठी नुसतं रडायलाही मी त्यांना मोकळं ठेवलं नाही. समोर राहत होतो. गल्ली ओलांडायची होती फक्त.

महिन्यापूर्वी वहिनी गेल्या. कळलं तेव्हा मला आधी — हेही लिहायलाच हवं — सुटल्यासारखं वाटलं.

तेराव्याला त्यांची मुलगी अनघा वाढत होती. ती खराडीला, तशाच एका संगणक कंपनीच्या काचेच्या इमारतीत नोकरी करते. मला मीठ वाढायचं राहिलं, तर कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, बाबांवर गेलेय मी. माझ्या भरवशावर कुणी राहू नये."

मी मिठाशिवाय जेवलो.

हे कागद आधी तिला देणार आहे. तिने त्यांचं काय करायचं, ते तिचं. दिनू विसरला नव्हता. त्याने वेळेवर फोन केला होता. तो मी घेतला होता.