रूपालीने मोजलेला आकडा

२०१९च्या मार्चात रविकांत तोंडवलीच्या किनाऱ्यावर उतरला आणि लेकीला म्हणाला, "तुझो डबो बंद पडलो गो." मग मासळीकडे वळला.

डबा म्हणजे बोटीवर वादळाचा इशारा देणारं यंत्र. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत रूपाली त्याचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कागदावर बॅटरी तीन दिवस पुरायची. बापाच्या बोटीवर ती सोळा तासांत संपली, इशारा आलाच नाही आणि बोट वाऱ्यात सापडली. हे रविकांतने नाही, खलाशी शंकरने सांगितलं.

रजा चार दिवस उरली होती. तिने डबा उघडून ओट्यावर मीटर लावला.

"काय मोजतस?" आई गोदूबाईने विचारलं.

"ह्यो किती वीज खाता ता."

"वायच सरक. माका तवो ठेवूचो आसा."

प्रोसेसरचा वेग वाढवला की वीज त्याच पटीत जास्त लागते. शिवाय वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि ते दुप्पट केलं तर वीज चौपट. या हिशेबात प्रत्येक चिपचा एक गुणक असतो. तो हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलमध्ये लिहून द्यावा लागतो. ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः काही मोजत नाही, लिहिलेलं खरं मानते. फाइलमध्ये ऐंशी होतं. रूपालीने प्रत्येक वेगाला वीज मोजून गुणक काढला, तर सगळीकडे तीनशेच्या आसपास. सिस्टीमला धावणं स्वस्त वाटत होतं, म्हणून ती प्रत्येक काम पूर्ण वेगाने उरकत होती.

तिने साहेबांना, गुरुदासांना, फोन केला.

"सर, ऐंशी कुठून आला?"

"नमुन्याच्या बोर्डाच्या फाइलवरून. त्याची चिप वेगळी होती."

"उचलला कोणी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "फाइलवर तुझं नाव आहे, रूपाली."

रविकांत अंगणात जाळं विणत होता. ती समोर बसली. "बाबा, चूक माझी होती."

"बरा," तो म्हणाला. जाळ्याची गाठ मारून विचारलं, "आता सुधारलंस?"

"होय."

"मगे ठेव बोटीर."

पुढच्या फेरीत डबा बासष्ट तास चालला. रूपालीने गुरुदासांना माहितीपत्रकातले तीन दिवस खोडून अडीच करायला लावले. फाइलमध्ये नव्या आकड्यापुढे तिने लिहिलं: मोजला, तोंडवली. बाकीच्या चाळीस आकड्यांपुढे ते कुठून आले हे लिहिलेलं नव्हतं. पुढचं वर्षभर ती तेच मोजत बसली.