रविवारची पाहणी

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, पाण्याचा दिवस असतो. माणूस लग्नाचा वाढदिवस विसरेल, हा दिवस नाही. हर्सूलच्या बाजूच्या एका वस्तीत तर पाणी पहाटे यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. मग ज्या एक-दोन नळांना धार लागेल तिथं रांग, शिव्या, ढकलाढकली. एकदा एका बाईचं डोकं फुटलं.

मी नोकरीभर सरकारी योजनांचे अहवाल लिहिले. निवृत्त झाले तरी खाज काही जाईना. नागरिकांच्या समितीनं या वस्तीचा प्रश्न हाती घेतला, तशी मी पदर खोचून पुढं. नवी पाइपलाइन टाकायला निधी नव्हता. टँकर म्हणजे रोजची कटकट. वेळ बदलणं मात्र फुकटात होणार होतं, कारण दुपारी बाकीच्या वस्त्यांचे नळ बंद असतात आणि दाब चांगला मिळतो. दुपारी लोक घरी असतात का, तेवढंच पाहायचं होतं. आम्ही चौघं-पाचजण भर दुपारी घरोघरी फिरलो. जवळपास सगळी घरं उघडी सापडली, कुणीकुणी चहाही पाजला. मी अहवालात ठणकावून लिहिलं, दुपारची वेळ सोयीची. सूचना मान्य झाली. काय फुगले होते मी! गुलमंडीवरून पेढे आणून वाटले.

माझ्याकडं धुणंभांडी करणाऱ्या मावशी त्याच वस्तीतल्या. त्यांची मुलगी दहावीला. त्यांच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. नर्स व्हायचंय तिला. नवी वेळ सुरू झाल्यावर एकदा मी सहज विचारलं, "काय म्हणतोय लेकीचा अभ्यास?"

"कशाचा अभ्यास ताई! पाण्याच्या दिवशी घरीच ऱ्हाती. म्या खाडा केला तर दोन घरची कामं जात्यात. मग दुपारी पाणी कोन भरनार?"

"अहो, पण पाहणीला आम्ही आलो तेव्हा बोलायचं ना!"

मावशींनी भांडं खाली ठेवलं. "तुम्ही रैवारी आल्ता, ताई. रैवारी समदेच घरी असत्यात."

मेली शहाणी मी! इतकी वर्षं ही बाई रोज माझ्या ओट्याशी उभी राहते, आणि तिला एका शब्दानं विचारावं असं मला सुचलं नाही. लाज वाटली, फार लाज वाटली.

तशीच रिक्षा करून समितीच्या अध्यक्षांकडं गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच अहवालावर ठरलंय हे. सहा महिने चालू द्या. भांडणं बंद झाली की नाही?"

भांडणं बंद झाली होती, खरंय. भांडायला मोठं माणूसच घरी नव्हतं.

परीक्षा तोंडावर आलेली. सहा महिने म्हणजे तिचं वर्षच गेलं असतं. पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळीच मी मावशींच्या घरी गेले. पोरीला म्हटलं, "दप्तर घे आणि नीघ. पाणी मी भरते." ती घुटमळली, मग पळालीच. बाराला नळ आला, चांगला जोरात आला. माझा हिशेब तेवढा बरोबर होता. मी पाइप ड्रममध्ये सोडला, कंबर धरून उभी राहिले आणि गल्लीत पाहिलं.

जवळपास प्रत्येक दारात एक मुलगी. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या कडेवर लहान भाऊ. समोरची तर शाळेच्या गणवेशातच होती, बहुतेक निघता निघता थांबलेली. माझ्याकडं बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली,

"आजी, पुढच्या पाण्याला आमच्या घरी येता का?"