साडेतीन फुटांची बाग

एकतीस वर्षं ते लोकांच्या घरांमागच्या बोळांतून चालले. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं काम. फाटकातून आत शिरायचं, भिंतीच्या कडेकडेनं, पाइपांखालून वाकून, वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारत मागच्या पेटीपर्यंत पोचायचं, आकडा टिपायचा आणि निघायचं. पोरंटोरं त्यांना मीटरमामा म्हणायची. पुढं मोठी माणसंही म्हणायला लागली. त्यामुळे त्यांच्या बायकोला काही न करता मामी हे पद मिळालं.

मामांचा स्वभाव काळजीचा. कुलूप लावून तीनदा ओढायचं, जिना उतरायचा, आणि परत वर जाऊन चौथ्यांदा ओढायचं. नोकरीत हा स्वभाव कामाला आला. एकतीस वर्षांत त्यांचा एकही आकडा चुकला नाही. घरात मात्र मामी म्हणायच्या, यांना काळजी करायला काही सापडलं नाही तर यांना त्याचीच काळजी लागते.

त्या बोळांमध्ये मामांना एक गोष्ट हळूहळू कळत गेली. पुढचं अंगण माणसं पाहुण्यांसाठी सजवतात. स्वतःच्या मनात आलेलं काही करून बघायचं असेल तर ते मागं करतात, जिथं कुणी येत नाही. येणारा एकटा मीटरवाला. एका न्हाव्यानं अंधाऱ्या बोळाच्या मध्यावर दुकानातला तडकलेला आरसा तिरका टांगला होता. दुपारी तासभर त्यावर ऊन पडायचं आणि तिथून वळून समोरच्या नेच्यांच्या कुंड्यांवर जायचं. एका नर्सबाईंनी गळक्या नळाखाली जुनं बेसिन ठेवून त्यात पुदिना लावला होता. कुणी शिडी आडवी टांगून तिच्या पायऱ्यांमध्ये कुंड्या अडकवल्या होत्या. एकानं तर सांडपाण्याचा पाइप भिंतीच्याच रंगात रंगवून त्यावर वेल चढवून असा गायब केला होता, की मामांचं डोकं त्यावर दोनदा आपटलं.

मामा निवृत्त झाले आणि चारच महिन्यांत शहरातल्या उद्यान प्रदर्शनाची जाहिरात आली. त्यात एक विभाग छोट्या बागांचा होता. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागा, उभारायला चार दिवस, कुणीही भाग घ्यावा. मामींनी जाहिरात वाचली, फॉर्म आणला, भरला आणि सहीपुरता मामांच्या पुढ्यात ठेवला. मामांनी सही केली आणि पुढचा दीड महिना फॉर्मची पावती दिवसातून चारदा काढून बघितली.

त्यांच्या मनात काय करायचं ते स्पष्ट होतं. समोरासमोर दोन भिंती, मध्ये साडेतीन फुटांचा बोळ, आणि एकतीस वर्षांत बघितलेल्या सगळ्या युक्त्या त्या एकाच बोळात. टोकाला मीटरची पेटी, पण ती झाडामागं झाकलेली. जुन्या नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी चौदा वेळा आराखडा काढला. पण मग नवी धास्ती सुरू झाली. हे सगळं लोकांच्या घरात बघितलेलं. आपण ते परस्पर कसं वापरायचं?

म्हणून मामा एकेका दारी गेले, यावेळी पुढच्या दारानं. न्हावी हसला आणि म्हणाला, आरसा आहे तो, कुणीही टांगावा. नर्सबाईंना तर आपण काही बाग केली आहे हेच ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी होकार दिला, दोघातिघांनी चहा दिला.

शेवटचं घर ग्रंथपालबाईंचं. त्याही निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या बोळात एक बेगोनिया होता. माणसाएवढा उंच, तीन काठ्यांसारखे सरळ दांडे, रुपेरी ठिपक्यांची पानं आणि पानांची मागची बाजू विटेसारखी लाल. त्यांच्या धाकट्या भावानं तो लावला होता. भाऊ मागच्या खोलीत राहायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. मामांनी फक्त एक फांदी मागितली. बाई म्हणाल्या, अख्खी कुंडीच न्या. लोकांनी बघितलेलं भावाला आवडलं असतं. मग दार लावता लावता एवढंच बोलल्या, "जशी नेताय तशी परत आणा."

मामा घरी आले. मामींना म्हणाले, नको म्हणायला हवं होतं.

प्रदर्शनाच्या मैदानावर मोठा, कडेनं उघडा मंडप होता. मामांच्या डाव्या हाताला एका ठेकेदाराचा खोट्या खडकांचा धबधबा, पंप लावून धो धो वाहणारा. उजव्या हाताला दोन तरुण वास्तुविशारदांनी पांढरे गोटे आणि बांबू मांडून असं काही केलं होतं, की तिथं माणसं आपोआप हळू बोलायची. मध्ये मामांच्या प्लायवूडच्या दोन भिंती. त्यांचा जुना मित्र सुतार, त्यानं त्या उभ्या केल्या, रंगवल्या, वर खोट्या भेगाही पाडल्या. पहिल्याच दिवशी नियम बघणारा अधिकारी टेप घेऊन आला आणि भिंती अर्धा फूट जास्त उंच निघाल्या. मामांनी स्वतःच्या टेपनं दोनदा परत मोजलं. सुतारानं करवत काढली.

आरसा बसला. शिडी टांगली. पाइप रंगवला, त्यावर वेल चढला. बेसिनवर नळ लावून त्याला थेंबापुरतं पाणी दिलं. बोळाच्या टोकाला फळीवर बेगोनिया ठेवला आणि सगळी बाग जणू त्याच्याकडे बघायला लागली. धबधब्याचा ठेकेदारही येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मामा, हे बरं जमलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर एक पान पडलेलं होतं.

मामांनी ते उचलून खिशात टाकलं. मंडपात उकडत होतं, मोठे पंखे चालू होते. झाडाला तहान लागली असणार. त्यांनी पाणी घातलं. दोन तासांनी हात लावून पाहिलं, वरची माती कोरडी वाटली, परत घातलं. दुपारी तीन पानं पडली. मामांनी ती खिशात टाकली आणि पाणी घातलं. कुणी विचारलं तर सांगायला त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं, पण कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नऊ पानं. आता एक दांडा वरून खाली नुसता काठीसारखा दिसायला लागला. मामांनी कुंडी वळवून तो भिंतीकडे केला. परीक्षक दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे होते. आणि त्याच दिवशी सकाळी ग्रंथपालबाई बघायला येणार होत्या.

दुपारी जेवायला घरी आले तेव्हा मामींनी धुवायला काढलेल्या कालच्या पँटच्या खिशातून चुरगळलेली पानं काढून टेबलावर ठेवली होती. रुपेरी बाजू वर. मामा खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. नर्सरीत तसलंच झाड मिळतंय का हेही सकाळी फोन करून विचारल्याचं सांगितलं. मिळत होतं.

मामी चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, उद्या त्यांना तिथं येऊन दिसण्याआधी आज तुमच्या तोंडून कळू दे."

मामा जेवले नाहीत. उन्हातच निघाले. ओळखीच्या त्या बोळाच्या फाटकापाशी आले, पण हात कडीपर्यंत जाईना. तिथूनच परत फिरावं असं दोनदा वाटलं. शेवटी पुढच्या दाराशी जाऊन त्यांनी घंटी वाजवली. बाईंनी दार उघडलं. मामांनी उभ्या उभ्या सांगितलं. पडलेल्या पानांचे आकडेही सांगितले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पाणी किती घातलंत?"

"दर दोन तासांनी. थोडं थोडं."

बाईंनी डोळे मिटले. "मीटरमामा, त्याला आठ दिवसांतून एकदा लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान उघडताच बाई भाड्याची गाडी घेऊन आल्या. बोळात शिरल्या, कुंडीच्या मातीत बोट खोलवर घातलं, वास घेतला, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, उचला. मामा म्हणाले, मी धरतो. बाई म्हणाल्या, "नको. तुम्ही हात लावू नका." तेवढे पाच शब्द मामांच्या कानात पुढं कितीतरी दिवस राहिले.

परीक्षक यायला चार तास होते आणि बोळाच्या टोकाला रिकामी फळी होती. सुताराचं म्हणणं, नर्सरीतून झाड आणू, अर्ध्या तासात काम होतं. ठेकेदारानं आपला जास्तीचा नेचा देऊ केला. वास्तुविशारदांपैकी मुलगी येऊन म्हणाली, काका, आमच्याकडचे दोन बांबू न्या. माणसं मनापासून बोलत होती आणि मामांना कुणालाच तोंडावर नाही म्हणवेना. ते फळीसमोर उभे राहिले. फळीवर कुंडीचा गोल ओला डाग होता. तिथं दुसरं झाड ठेवलं तर ते दिसेल छान, पण आपल्याला तिकडे बघवणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि जागा तशीच ठेवली. झाडामागं झाकलेली मीटरची पेटी आता उघडी पडली होती. आराखड्यात ती दिसायची नव्हती.

परीक्षक तिघं आले. एकानं बोळाच्या तोंडाशीच कपडे सांभाळत मान तिरकी करून बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दुसऱ्यानं आरशाजवळ उभं राहून ऊन कसं वळतं ते पाहिलं. तिसऱ्या बाई होत्या, वयानं मोठ्या. त्या थेट टोकापर्यंत गेल्या. मामा बेसिनमध्ये पडणारे थेंब मोजत उभे राहिले.

"इथं काहीतरी होतं ना?" परीक्षकबाईंनी फळीकडे बोट केलं.

मामांना एक साधं उत्तर सुचलं होतं: जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. वास्तुविशारदांच्या बागेत बरंच काही मुद्दाम मोकळं होतं आणि सगळे त्याचं कौतुक करत होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"एका बाईंचं झाड होतं. मी पाणी घालून घालून आजारी पाडलं. आज सकाळी त्या परत घेऊन गेल्या."

परीक्षकबाईंनी मान हलवली, डागाकडे परत एकदा पाहिलं आणि पुढं धबधब्याकडे गेल्या.

संध्याकाळी निकाल लागला. अकरा बागांमध्ये मामांचा आठवा नंबर. पहिला नंबर गोट्याबांबूंचा. मामींनी टाळ्या वाजवल्या. मामांना कशाचंच काही वाटलं नाही, त्यांचं सगळं लक्ष त्या कुंडीकडे.

पुढचे तीन दिवस प्रदर्शन लोकांसाठी खुलं होतं, आणि मामांनी ज्याची काळजी केलीच नव्हती ते घडलं. त्यांच्या बोळापाशी रांग लागली. धबधबा कुणाच्या घरात मावणार नव्हता, पण असा बोळ जवळजवळ सगळ्यांच्या घरामागं होता. आरसा किती तिरका, शिडीला हुक कुठले, पाइपाला रंग कोणता, पुदिना बेसिनमध्ये सडत नाही का. एकानं कागद नाही म्हणून तळहातावर माप लिहून घेतलं. मामा बोलून बोलून बसलेल्या आवाजात सांगत राहिले, आणि प्रत्येकाला शेवटी न चुकता बजावत राहिले, की पाणी कमी घाला.

बेगोनियाची बातमी कळायला मात्र वेळ लागला. फोन करायची मामांची छाती नव्हती. मामीच आठ-पंधरा दिवसांनी बाईंना विचारायच्या. दोन दांडे कुजले, बाईंनी ते बुडापासून कापले. तिसरा नुसता उभा होता, हिरवाही नाही आणि वाळलेलाही नाही. मामांची झोप उडाली. घरातल्या झाडांना पाणी घालायचं त्यांनी सोडून दिलं. ते काम मामींकडे गेलं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बाईंचाच फोन आला, येऊन जा. मामा गेले. बाई त्यांना मागं घेऊन गेल्या. उरलेल्या दांड्याच्या एका गाठीतून नखाएवढी लालसर घडी बाहेर आली होती. मामांनी चष्मा पुसून परत बघितलं. हात त्यांनी मागं बांधून ठेवले होते.

"जगेल?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक," बाई म्हणाल्या. "पण पहिल्यासारखा व्हायला वर्षं लागतील. तोवर मी असेन की नाही, ठाऊक नाही."

बाईंनी मामांना क्षमा केली असं काही म्हटलं नाही, आणि मामांनीही ती मागितली नाही. बाईंनी चहा ठेवला. कप हातात देताना म्हणाल्या, मागच्या खोलीची खिडकी सहा वर्षं बंद आहे, ती उघडायची म्हणते. उघडली की समोर नुसती भिंत येते. तिथं काय करता येईल ते बघा जरा.

मामा खिडकीपाशी गेले. भिंत चार फुटांवर होती, ओलसर, उन्हाची तिरीप अगदी वरच्या कोपऱ्यात. त्यांनी खिशातून टेप काढली, माप घेतलं, परत घेतलं. विचार करून सांगतो म्हणाले आणि निघाले. घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात चार युक्त्या आल्या होत्या आणि चारही युक्त्यांत काय काय चुकू शकतं, त्याची यादीही तयार झाली होती.